अमॉर्फिसचे दोन आवाज

मेटल संगीत पहिल्यांदा ऐकणारा माणूस गिटारवर अडत नाही, ड्रमवरही अडत नाही. तो अडतो गळ्यावर. गिटारचा गोंगाट हिंदी सिनेमानेही आपल्या कानांना सवयीचा केलाय, पण पोटातून आल्यासारखी ती गुरगुर ऐकली की समोरचा विचारतो, "अहो, हा गातोय की भांडतोय?" प्रश्न रास्त आहे. त्याचं नीट उत्तर द्यायचं तर माझ्या मते एकच बँड पुरेसा आहे. हेलसिंकीचा अमॉर्फिस. 1990 साली सुरू झालेला आणि आजही वाजवत असलेला. या बँडने डेथ मेटल (म्हणजे मेटलचा सर्वात जड, गुरगुरणारा प्रकार), लोकगीत, सत्तरच्या दशकातला प्रोग्रेसिव्ह रॉक, सायकेडेलिक रॉक, मध्येच सॅक्सोफोन, असं बरंच काही एकत्र आणलं. 'मिश्रण' म्हटलं की आपण काय काय घातलं ते मोजत बसतो. मला त्यात फारसा रस नाही. सांधा कुठे आहे आणि तो कसा जोडलाय, हे मला ऐकायचं असतं. अमॉर्फिसचा सांधा गळ्यात आहे.

आधी त्या गुरगुरीबद्दल. मेटलवाले तिला ग्रोल म्हणतात. आपल्या स्वरयंत्रात खऱ्या स्वरतंतूंच्या थोडं वर आणखी दोन मांसल घड्या असतात. बोलताना-गाताना त्या एरवी बाजूला असतात. ग्रोल करणारा त्या घड्या जवळ आणतो, श्वासाच्या दाबाने थरथरवतो आणि तोंड माइकला जवळजवळ चिकटवतो. म्हणजे हा आवाज ओरडून येत नाही. ओरडून जो काढायला जातो त्याचा गळा लवकरच बसतो. मंगोलियाला लागून असलेल्या तुवा प्रदेशात खर्जातलं एक कंठगायन आहे, त्यातही याच घड्या कामाला येतात. तेव्हा ही गोष्ट काही नव्वदच्या दशकातल्या पोरांनी शोधलेली नाही.

पण ग्रोलची एक अडचण आहे आणि आजची सगळी गोष्ट त्या अडचणीतून निघते. ग्रोलमध्ये स्वर उरत नाही. लय उरते, शब्दांचा आघात उरतो, आवाजाचा रंग उरतो, पण सुरावट जाते. ग्रोलमध्ये भूप गाता येणार नाही. मग गाण्यातली चाल सांभाळायची कोणी? बहुतेक डेथ मेटल बँडांचं उत्तर सोपं होतं: चाल नसली तरी चालेल, वेग आणि वजन आहे ना! अमॉर्फिसचं उत्तर वेगळं निघालं. गायक गात नसेल तर गिटारने गावं.

आता माणसं. तोमी कोइवुसारी गिटार वाजवायचा आणि ग्रोलही करायचा. तो अॅबॉरन्स नावाच्या डेथ मेटल बँडमधून आला. एसा होलोपाइनेन, दुसरा गिटारवादक, चालींचा धनी. ड्रमवर यान रेखबर्गर, बासवर ओली-पेक्का लाइने. ही चारही नावं लक्षात ठेवा, शेवटाकडे पुन्हा लागतील. 1991 साली त्यांनी एक डेमो, म्हणजे नमुन्याचं ध्वनिमुद्रण, काढला आणि अमेरिकेतल्या रिलॅप्स रेकॉर्ड्सने त्यांना करारबद्ध केलं. 1992 साली पहिला अल्बम आला, 'द करेलियन इस्थमस'. तो ध्वनिमुद्रित झाला स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत, तोमास स्कोग्सबर्गच्या हाताखाली. त्या काळी स्वीडिश डेथ मेटलचा सगळा करवती आवाज त्या एका स्टुडिओतून बाहेर पडत होता, आणि फिनलंडची ही पोरंही तिथेच गेली. अल्बम चांगला आहे. पण तो त्या काळच्या डझनभर चांगल्या अल्बमांसारखाच आहे. फक्त मधूनमधून होलोपाइनेनची गिटार एखादी उदास ओळ काढते आणि तुमचे कान टवकारतात. नाव मात्र सूचक होतं. करेलियन इस्थमस म्हणजे फिनलंडचं आखात आणि लाडोगा सरोवर यांच्या मधला जमिनीचा पट्टा. तो दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाकडे गेला तो गेलाच. फिनिश घरांत ही जखम जुनी आहे.

आणि मग 1994. 'टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स'. स्टुडिओ तोच, सनलाइट. माणसं तीच, एक सोडून. कास्पर मोर्टेन्सन नावाचा कीबोर्डवादक आत आला आणि येताना मूग सिंथेसायझर, म्हणजे जुन्या प्रोग्रेसिव्ह रॉकमधलं विजेवरचं सूरवाद्य, घेऊन आला. डेथ मेटलच्या बाळबोध श्रोत्यांच्या दृष्टीने हे पापच होतं. या अल्बमची पुढे जी आवृत्ती निघाली, तिच्यात त्यांनी साठच्या दशकातल्या 'द डोर्स' या अमेरिकी रॉक बँडचं 'लाइट माय फायर' वाजवलंय. म्हणजे त्यांचे कान कुठे होते ते कळतं. पण खरा बदल शब्दांत होता. या अल्बमची गाणी 'कालेवाला' या फिनिश महाकाव्यातून उचललेली आहेत.

कालेवालाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. फिनलंड 1809 पर्यंत स्वीडनच्या ताब्यात होता, मग 1917 पर्यंत रशियाच्या. शिकलेल्यांची भाषा स्वीडिश, फिनिश भाषा शेतकऱ्यांची. अशा काळात एलियास ल्योनरोट नावाचा एक डॉक्टर पूर्वेकडे, करेलियाच्या खेड्यांमध्ये, पुन्हा पुन्हा जाऊन तिथल्या गायकांकडून गाणी लिहून घेत होता. त्याची नेमणूक होती कायानी या आडगावात, जिल्ह्याचा डॉक्टर म्हणून. त्याने एकूण अकरा प्रवास केले. 1834 साली त्याला अर्हिप्पा पेर्तुनेन हा गायक भेटला आणि त्याच्याकडे गाण्यांचा साठाच निघाला. या सगळ्या गाण्यांना ल्योनरोटने एका कथासूत्रात ओवलं आणि 1835 साली कालेवाला प्रसिद्ध केलं. 1849 ची वाढवलेली आवृत्ती आज प्रमाण मानतात: 50 सर्ग, 22,795 ओळी. पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेवरची तारीख 28 फेब्रुवारी होती, फिनलंडमध्ये तो दिवस आजही साजरा होतो. पुढे संगीतकार सिबेलिअसने त्यावर 'कुल्लेर्वो' रचलं, गालेन-कालेलाने चित्रं काढली. थोडक्यात, देशाच्या शाळेत प्रत्येकाला वाचावं लागणारं पुस्तक. आणि शाळेत वाचावं लागणाऱ्या पुस्तकाचं पोरं काय करतात ते आपल्याला माहीत आहे! वीस-एकवीस वर्षांच्या डेथ मेटलवाल्यांनी ते स्वतःहून उघडावं, याचं मला अजून नवल वाटतं.

या महाकाव्यात गंमत अशी की नायक गळ्याने लढतात. म्हातारा वाइनामोइनेन आणि उद्धट तरुण योउकाहाइनेन यांची गाठ पडते, रस्ता कोणी सोडायचा यावरून जुंपते, तेव्हा तलवार निघत नाही. वाइनामोइनेन गातो, आणि गाता गाता त्या पोराला दलदलीत रुतवतो. हनुवटीपर्यंत चिखल आल्यावर पोरगा जीव वाचवायला आपली बहीण आइनो म्हाताऱ्याला देऊ करतो. आइनोला ते मान्य नाही. ती पाण्यात जाते ती परत येत नाही. अमॉर्फिसच्या अल्बमवरचं 'ड्राउन्ड मेड' हे गाणं तिचंच.

छंदाचाही मुद्दा आहे, आणि संगीताच्या दृष्टीने तो मोठा आहे. कालेवालाची ओळ आठ अक्षरांची. एक ओळ म्हणायची, मग तीच गोष्ट दुसऱ्या ओळीत जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणायची. तिच्या जुन्या चाली बहुतेक पाच मात्रांच्या, आणि पाच सुरांच्या आत फिरणाऱ्या, कारण सोबतीला वाजणारं कान्तेले हे तंतुवाद्य मुळात पाच तारांचं. आता होलोपाइनेनची गिटार ऐका. छोटी ओळ, थोड्याच सुरांत फिरणारी, दोनदा वाजते, दुसऱ्या वेळी शेपूट बदलतं. मेटलमध्ये ज्याला रिफ म्हणतात त्याचा स्वभावही असाच: तेच पुन्हा, किंचित वेगळं. या दोन गोष्टी एकमेकींसाठीच जन्मल्यासारख्या बसल्या. म्हणून इथे लोकसंगीत वरून भुरभुरवल्यासारखं वाटत नाही. लोकवाद्य आणून वाजवलं की लोकसंगीत झालं, असा जो समज नंतर फोक मेटल नावाच्या बाजारात पसरला, त्याच्या कितीतरी आधी या पोरांनी विजेच्या गिटारीवर ती चाल उतरवली होती.

आता गळा. या अल्बमवर कोइवुसारीचा ग्रोल आहेच, पण काही जागी एक दुसरा, स्वच्छ आवाज येतो. तो पाहुणा गायक विले तुओमीचा. या दोघांचं सर्वात प्रसिद्ध गाणं म्हणजे 'ब्लॅक विंटर डे'. शब्द आलेत कालेवालाच्या बाविसाव्या सर्गातून. पोह्योलाच्या, म्हणजे कथेतल्या उत्तरेकडच्या देशाच्या, मुलीचं लग्न झालंय, पाठवणीची वेळ आहे, आणि तिच्या तोंडी विलाप आहे. भाग्यवंतांच्या मनात कसं असतं, तर वसंतातल्या पहाटेसारखं. आणि माझ्या मनात? शरदातल्या काळोख्या रात्रीसारखं, हिवाळ्यातल्या काळ्या दिवसासारखं, नाही, त्याहूनही काळं. आपल्याकडे जात्यावर बसून सासुरवाशिणीने म्हटलेली ओवी डोळ्यांसमोर आणा, साधारण त्याच जातीचं दुःख आहे हे. आणि ते दुःख इथे कोणाच्या गळ्यात आहे? एका विशीतल्या पुरुषाच्या गुरगुरीत! कागदावर हे हास्यास्पद वाटतं. ऐकताना वाटत नाही. याचं कारण माझ्या मते असं: ती मुलगी गोड आवाजात गायली असती तर आपण हळहळून मोकळे झालो असतो. गोडवा काढून घेतल्यावर उरतो तो नुसता भार, आणि कीबोर्डवरून येणारी ती साधी, जवळजवळ बडबडगीतासारखी चाल. दुःख गळ्याकडे, चाल वाद्याकडे. कामाची अशी वाटणी झाल्यामुळे दोन्ही टिकतात.

करेलियातल्या गाण्याची जुनी वर्णनं आहेत, त्यांत दोन गायक समोरासमोर बसून हातात हात घालून गातात. एक ओळ सुरू करतो, शेवटच्या अक्षरांवर दुसरा त्याला मिळतो आणि तीच ओळ परत म्हणतो. अमॉर्फिसने हे समजून-उमजून केलं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण दोन गळ्यांनी एक गाणं वाहून न्यायची सवय त्या मातीत होती एवढं खरं.

या अल्बमबद्दल एक बारकावा सांगायला हवा. हे फिनिश महाकाव्य ते गातात इंग्रजीत. छापील इंग्रजी भाषांतरातून शब्द घेतलेले आहेत. आठ अक्षरांचा छंद त्यात मोडतो, अनुप्रास जातात. यावरून त्यांच्यावर टीका करणं सोपं आहे. पण अमेरिकी लेबलवर निघणाऱ्या अल्बमसाठी तो व्यवहार होता, आणि छंदाचं जे शब्दांत हरवलं ते गिटारीत सापडलं, हे मी आत्ताच सांगितलं.

दोन वर्षांनी 'एलेजी'. 1996. माझ्या मते हा त्यांचा सर्वोत्तम अल्बम आहे. 'टेल्स'वाले माझ्याशी भांडतील, भांडू द्या. या वेळी शब्द आले 'कांतेलेतार'मधून. हासुद्धा ल्योनरोटचाच संग्रह, 1840-41 चा. कालेवालात वीर आहेत, कांतेलेतारमध्ये घरातली माणसं. त्याच्या एका भागात मुलींची गाणी, बायकांची गाणी, मुलग्यांची, पुरुषांची अशी विभागणीच आहे. अनाथ पोर, विधवेबद्दलचं कुजकं बोलणं, जन्मलोच नसतो तर बरं झालं असतं असं म्हणणारा माणूस. 'द ऑर्फन', 'अगेन्स्ट विडोज', 'बेटर अनबॉर्न' ही गाण्यांची नावंच पाहा. डेथ मेटलमध्ये मृत्यू खूप असतो, पण तो बहुधा रक्तामांसाच्या चिखलातला, भयपटातला असतो. इथे गरिबी आहे. 'ऑन रिच अँड पुअर' हे गाणं नावाप्रमाणेच श्रीमंत आणि गरीब यांच्याबद्दल आहे. त्या पिढीतल्या किती मेटल बँडांनी या विषयाला असा लोकगीतातून हात घातला?

माणसं बदलली होती. रेखबर्गर गेला होता, ड्रमवर पेक्का कासारी आला. कीबोर्डवर किम रांताला. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे पासी कोस्किनेन नावाचा पूर्णवेळ गायक आला. स्वच्छ आवाज त्याचा, ग्रोल अजून कोइवुसारीचा. पाहुणा घरचा झाला. त्यामुळे दोन आवाजांमध्ये खरा संवाद सुरू झाला: एक प्रश्न विचारल्यासारखा, दुसरा जमिनीखालून उत्तर दिल्यासारखा. पासीच्या आवाजात थोडी कर्कश धार आहे, ती मला आवडते. तो शुद्ध गोड गायक असता तर सांधा उघडा पडला असता.

या अल्बमवरच्या 'माय कान्तेले'बद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कालेवालात वाइनामोइनेन एका प्रचंड माशाच्या जबड्याच्या हाडापासून कान्तेले बनवतो, ही कथा सगळ्यांना ठाऊक. कांतेलेतारमधलं गाणं म्हणतं, ते सगळं खोटं आहे. वाद्य देवाने माशाच्या हाडातून घडवलं नाही. ते दुःखातून घडलंय, वाईट दिवसांच्या लाकडातून, म्हणून ते आनंदाने वाजणार नाही. एका जातीची गाणी दुसऱ्या जातीच्या गाण्यांशी वाद घालताहेत, आणि वाद आहे संगीत कुठून येतं याबद्दल. अमॉर्फिसने हे गाणं अल्बममध्ये दोनदा ठेवलं. एकदा पूर्ण ताकदीने, आणि अगदी शेवटी विजेशिवाय, अकूस्टिक. शेवटचं ऐकलं की कळतं, चाल पहिल्यापासून तीच होती, फक्त अंगावरचे कपडे काढलेत. मिश्रणाची माझी कसोटी हीच आहे: एकेक थर काढत गेलं की खाली काही उरतं का?

उलट उदाहरणही याच अल्बममध्ये आहे. 'केअर्स' नावाच्या गाण्यात मध्येच टेक्नो ठेका येतो, नाचाच्या क्लबातला. गंमत म्हणून ठीक. ते तिथे का आहे हे मला कधीच कळलं नाही. पण एक गोष्ट त्यावरून दिसते: घाबरत नव्हते. पुढच्या वर्षी निघालेल्या छोट्या 'माय कान्तेले' ईपीवर त्यांनी हॉकविंड या जुन्या ब्रिटिश सायकेडेलिक बँडचं एक गाणं आणि किंग्स्टन वॉल या फिनिश सायकेडेलिक त्रिकुटाचं एक गाणं वाजवलं. किंग्स्टन वॉलचा म्होरक्या पेत्री वाल्ली 1995 साली गेला. हेलसिंकीच्या त्या पिढीवर त्याची सावली मोठी आहे, आणि 'एलेजी'तल्या लांबट, घुमणाऱ्या गिटार ऐकताना ती जाणवते.

यानंतरची सात-आठ वर्षं मी भराभर सांगतो. 1999 चा 'तुओनेला', 2001 चा 'एम युनिव्हर्सम', 2003 चा 'फार फ्रॉम द सन'. ग्रोल जवळपास नाहीसा झाला. शब्द बहुतेक पासीचेच, लोककाव्याचे नाहीत. तुओनेला म्हणजे कालेवालातला मृतांचा देश, पण अल्बममध्ये त्याचं नावच तेवढं उरलंय. पिरपाउके या जुन्या बँडच्या साकारी कुक्कोने 'तुओनेला'त सॅक्सोफोन आणि बासरी वाजवली, ती सुंदर आहे. सांतेरी कल्लिओ कीबोर्डवर आला तो कायमचा. लाइने गेला, बासवर निक्लास एतेलावुओरी आला. मग रेखबर्गर परतला. 'तुओनेला' मला मनापासून आवडतो, पावसाळी दुपारी लावायचा अल्बम आहे तो. पण पुढे पुढे काय झालं? चाल परत गळ्याकडे गेली आणि गिटार साथीला बसली. कामाची ती वाटणी संपली. 'फार फ्रॉम द सन' वाईट नाही, पण तो कुठल्याही चांगल्या उदास रॉक बँडचा असू शकला असता. मजा अशी की याच काळात पासीचा स्वतःचा आयत्तारा नावाचा बँड होता, ब्लॅक मेटलचा, फिनिश भाषेतला, आणि तिथे तो मनसोक्त किंचाळत होता! म्हणजे गळ्याला भूक होती, ताट मात्र दुसऱ्या घरी वाढलेलं होतं. 2004 साली तो बाहेर पडला.

चौदा वर्षांचा बँड, गायक गेलेला, शेवटचा अल्बम थंड. बहुतेक बँड इथे संपतात.

2005 साली तोमी योउत्सेन आला. सिनिस्थ्रा नावाच्या, फारशा कोणाला माहीत नसलेल्या बँडचा गायक. कमरेखाली रुळणाऱ्या जटा, आणि हातात स्वतःसाठी खास बनवून घेतलेला, जुन्या यंत्राच्या सुट्या भागासारखा दिसणारा माइक. पण ते दिसणं बाजूला ठेवा. त्याच्या एकट्याच्या गळ्यात दोन्ही आवाज होते. खोल, गोलाईदार ग्रोल आणि भरदार, किंचित शोकाकुल स्वच्छ आवाज, आणि एका श्वासातून दुसऱ्यात जाण्याची सहजता. कोइवुसारीने निवांत गिटार धरली.

आणि त्याच वेळी ते परत कालेवालाकडे गेले. 2006 चा 'इक्लिप्स' हा कुल्लेर्वोवर आहे, आणि शब्द घेतलेत पावो हाविक्को या विसाव्या शतकातल्या मोठ्या फिनिश कवीच्या नाट्यलेखनातून. कुल्लेर्वो हा कालेवालातला सर्वात दुर्दैवी माणूस. चुलत्याने कुळाचा नाश केलेला, गुलाम म्हणून विकलेला. मालकीण त्याच्या भाकरीत दगड भाजून देते. भाकरी कापताना त्याच्या सुरीचं पातं मोडतं, आणि ती सुरी म्हणजे घराण्याची उरलेली एकमेव खूण. मग तो गुरांऐवजी लांडगे आणि अस्वलं हाकत घरी आणतो. पुढे नकळत बहिणीशीच संबंध येतो, ती जीव देते. सूड पुरा करून तो स्वतःच्या तलवारीला विचारतो, तू माझं रक्त पिशील का? तलवार म्हणते, का नाही, निरपराधांचं पितेच की. अशा माणसासाठी दोन गायक नको असतात. ज्याच्यावर अन्याय झाला तो आणि ज्याने अन्याय केला तो एकच आहे, म्हणून गळाही एकच हवा. योउत्सेन नेमका याच अल्बमला मिळाला, हा योग मला फार मोठा वाटतो. 'इक्लिप्स' फिनलंडच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेला. 'हाउस ऑफ स्लीप' हे गाणं रेडिओवर वाजू लागलं.

2007 ला 'सायलेंट वॉटर्स', लेम्मिनकाइनेनवर. हा रंगेल तरुण तुओनेलाच्या नदीकाठी मारला जातो, त्याचे तुकडे नदीत फेकले जातात. त्याची आई लोहार इल्मारिनेनकडून एक लांबलचक दंताळं घडवून घेते, नदीचा तळ उपसते, पोराचे तुकडे जोडते, आणि मधमाशीला वर आकाशात पाठवून मलम आणवते. या अल्बमपासून शब्द लिहू लागला पेक्का काइनुलाइनेन, कलावंत आणि कवी. तो फिनिशमध्ये लिहितो, मग त्याचं इंग्रजी होतं. तेव्हापासून आजपर्यंत तोच. 2009 ला 'स्कायफोर्जर', आकाशाचा घुमट घडवणाऱ्या त्याच इल्मारिनेनवर. 2011 ला 'द बिगिनिंग ऑफ टाइम्स', वाइनामोइनेनवर. एकेका नायकाला एकेक अल्बम. 'स्कायफोर्जर'मधलं 'सिल्व्हर ब्राइड' ऐका: बायको गेल्यावर लोहार सोन्याचांदीची बायको घडवतो, आणि ती कुशीत घेतली तर थंडगार लागते.

इथे माझी एक तक्रारही आहे. योउत्सेन इतका सफाईदार आहे की त्याची सफाई हळूहळू साचा होत गेली. कडव्यात एक आवाज, ध्रुवपदात दुसरा. चार गाणी ऐकली की पाचव्यात कुठे वळण येणार ते सांगता येतं. 1994 साली स्वच्छ आवाज कुठून येईल याचा नेम नव्हता. 2011 पर्यंत तो वेळापत्रकाप्रमाणे येऊ लागला. बँडलाही हे जाणवलं असावं, कारण 2013 च्या 'सर्कल'साठी त्यांनी पेटर टेक्टग्रेन या स्वीडिश निर्मात्याला आणलं आणि ग्रोलचं प्रमाण वाढलं. तिथे कालेवालातला नायक नाही, काइनुलाइनेनची स्वतंत्र कथा आहे. पुढचे तीन अल्बम, 2015 चा 'अंडर द रेड क्लाउड', 2018 चा 'क्वीन ऑफ टाइम' आणि 2022 चा 'हेलो', येन्स बोग्रेनच्या हाताखाली झाले. आवाज भव्य झाला. 'क्वीन ऑफ टाइम'मध्ये खरा वाद्यवृंद आणि खरं समूहगान आहे. भव्यतेचा मला थोडा कंटाळा येतो हे कबूल करतो, पण या अल्बमवर 'डॉटर ऑफ हेट' नावाचं एक गाणं आहे. त्यात ग्रोल आहे, सॅक्सोफोन आहे, आणि मध्येच सगळं खाली बसतं आणि काइनुलाइनेन स्वतः फिनिशमध्ये आपले शब्द बोलतो. गात नाही, बोलतो. इतकी वर्षं इंग्रजीतून गेल्यावर ती भाषा अचानक कानावर येते तेव्हा अंगावर काटा येतो. याच अल्बमवर तुवाच्या याट-खा बँडचा अल्बर्ट कुवेझिन आपलं कंठगायन करून गेलाय. ज्या घड्यांबद्दल मी मघाशी सांगितलं, त्यांची दोन घराणी एका ध्वनिमुद्रणावर भेटली!

2017 साली लाइने बासवर परतला. म्हणजे मी लक्षात ठेवायला सांगितलेली ती चार नावं, कोइवुसारी, होलोपाइनेन, रेखबर्गर, लाइने, पुन्हा एका मंचावर आहेत, सोबत कल्लिओ आणि योउत्सेन. रॉक बँडांच्या इतिहासात हे दुर्मीळ आहे. माणसं भांडतात, कोर्टात जातात, नावावरून वाद घालतात. ही मंडळी 2025 साली 'बॉर्डरलँड' नावाचा नवा अल्बम काढून मोकळी झाली.

फिनलंडमधून या काळात इतरही मिश्रणं निघाली. अपोकॅलिप्टिकाने चार चेलोंवर मेटल वाजवलं, नाइटविशने त्यात ऑपेराचा गळा आणला, फिन्ट्रोलने हुंपा नावाच्या गावठी नाचाच्या ठेक्यावर ब्लॅक मेटल बसवलं. ज्यांना यातलं काही आवडतं त्यांनी जरूर ऐकावं. त्यांचे सांधे वेगळ्या ठिकाणी आहेत, त्यांची गोष्ट वेगळ्या संध्याकाळी.

आता थोडं ऐकू. 2024 साली, 'टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स'ला तीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी तो सबंध अल्बम हेलसिंकीच्या तवास्तिया क्लबात वाजवल्याचं ध्वनिमुद्रण बाजारात आणलं. त्यात योउत्सेन दोन्ही आवाज एकटा गातो. तंत्राने पाहिलं तर हे गायन जुन्यापेक्षा कितीतरी सरस. मी तुम्हाला 'ब्लॅक विंटर डे' दोनदा ऐकवणार आहे, आधी 1994 चं, मग तवास्तियाचं. माझा कौल जुन्याला आहे, कारण तिथे दोन वेगळ्या माणसांचे दोन गळे एकमेकांना नीट जुळत नाहीत, आणि त्या मुलीच्या विलापात काहीतरी न जुळणारं असायलाच हवं असं मला वाटतं. तुमचा कौल वेगळा असू शकतो. आवाज थोडा वाढवा, मागच्या रांगेपर्यंत बास पोचायला हवा.